रतन, तुझा आयतवार

रतन, काल तुझी खाट खोलीतून हलवली आणि शेजारच्या बायका मला धीर द्यायला आल्या. त्यांतली एक म्हणाली, "सुटली बिचारी." मला एकदम हसूच फुटलं. सुटली? तू? सुट्टी या शब्दाचा जिला एवढा धसका, तिला जाता जाताही लोकांनी सुट्टीच दिली! मी हसतेय हे बघून बायका गोंधळल्या, पदर सावरत उठल्या आणि गेल्या. जाऊ देत. रडायचं ते मी वॉर्डातल्या पडद्याआड रडून घेतलंय. अजूनही येईल रडू. चहाची दोन भांडी काढते आणि एक परत ठेवते, तेव्हा येतंच.

पण आज आयतवार आहे, मला वॉर्डाची पाळी नाही, आणि तुझ्याशी बोलायला हाच दिवस बरा. लोक तुझी गोष्ट सांगतील ती लहानपणीच्या लग्नाची, पुसल्या कपाळाची, भावाच्या घरी काढलेल्या वर्षांची. ती त्यांना सांगू दे. मला तू जिंकलेलं आठवतंय.

तू आलीस ती श्रावणात. लढाई चालू होती, सांगलीच्या या दवाखान्यात माणूस अपुरं होतं आणि पट्ट्यांच्या खोलीत एक बाई हवी होती. तुझा दादा तुला घेऊन आला. कृष्णाकाठचं तुमचं जैनाचं शेतकरी घर. दादाच्या धोतराला अजून मळ्याचा चिखल होता. मेट्रनबाईंना तो म्हणाला, "बाई कामाला वाघ हाय. फकस्त तिच्या मागनं जाऊन हाक मारू नगा." तू सगळा वेळ भिंतीकडे बघत होतीस. मेट्रनबाईंनी तुला माझ्या खोलीत टाकलं. मी उंब्रजची, नवरा पलटणीत गेला तो परत न आलेला, नर्सिंग शिकून इथे राहिलेली. दोन बिनमाणसाच्या बाया एका खोलीत, एवढाच त्यांचा हिशेब असणार.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, तू माझ्यावर रागावली आहेस. बोलताना तू माझ्या खांद्यापलीकडे बघायचीस. नवं लुगडं धुऊन धुऊन मऊ झाल्याशिवाय अंगाला लावायची नाहीस. कुणाच्या हातून तबक पडलं की दोन्ही कान दाबून खाली बसायचीस. कुणी म्हणालं गर्विष्ठ, कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं, रतन, तुला ते कधी माहीत नव्हतं. ते म्हणाले, "याला नाव नाही माझ्याकडे. पण बाई वेडी नाही, एवढं नक्की." मला तेवढं पुरलं.

आणि पट्ट्यांच्या खोलीत तू कुणी वेगळीच असायचीस. मांजरपाटाचं थान उलगडायचं, फाडायचं, गुंडाळायचं, वाफेच्या डब्यात रचायचं. हात चालू झाले की तुझ्या घशातून एक हुंकार सुरू व्हायचा, एकसुरी, भुंग्यासारखा. बाहेर जखमी लोक ओरडत असायचे, आत तू सुखात. सोमवार ते शनिवार तुझ्याइतकी सुखी बाई त्या दवाखान्यात दुसरी नव्हती.

मग यायचा आयतवार.

पहिल्याच आयतवारी तू नेहमीसारखी अंघोळ करून, केस चापून, पट्ट्यांच्या खोलीशी जाऊन उभी राहिलीस. खोलीला कुलूप. मी म्हटलं, "अगं, आज सुट्टी. झोप जरा." तू परत आलीस आणि खाटेच्या कडेला बसून पुढं-मागं, पुढं-मागं डुलायला लागलीस. दुपारपर्यंत तू खोलीत येरझारा घालत होतीस, आणि संध्याकाळी कपाळ भिंतीवर आपटत होतीस. मी तुझ्या आणि भिंतीच्या मधे उशी धरून उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही.

पुढचे आयतवार मी माझ्या परीनं साजरे करायला गेले. तुला घाटावर नेलं, गणपतीला नेलं, एकदा तंबूतला सिनेमा दाखवायला नेलं. तिथं बाजा वाजायला लागला आणि तू बाहेर येऊन टांग्यांच्या मधोमध धुळीत बसलीस. टांगेवाले ओरडतायत, घोडे फुरफुरतायत, आणि तू डोळे मिटून बसलेली. घरी आल्यावर आपण भांडलो. आपलं ते भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणाले, "सहा दिवस राबतीस, एक दिवस इसावा घ्यायला काय होतं तुला?" तू म्हणालीस, "सोमवारी मला ठावं असतंय, पुढं काय हाय. आयतवारी पुढं काय बी नसतंय. तू त्येला मोकळं म्हनतीस. मला पडल्यागत वाटतंय. विहिरीत पडल्यागत." मी म्हणाले, "मग पडून रहा की." तू तोंड फिरवलंस. इतकं खरं बोलल्यावर असं उत्तर मिळालं तर मीही फिरवलं असतं.

दिवाळीत फटाके वाजले आणि तू इतकी किंचाळलीस की वॉर्डातले आजारी उठून बसले. मेट्रनबाई कडक, पण मनानं वाईट नव्हत्या. मला बोलावून म्हणाल्या, "इंदू, सहा दिवस मला हिच्यासारखी बाई मिळायची नाही. पण सातव्या दिवसाचं काय करू? उन्हाळ्यापर्यंत बघते. नाही जमलं तर तिच्या भावाला निरोप धाडीन."

मी तुला तसंच सांगितलं, कारण आडून बोललेलं तुला कळायचं नाही. भावाच्या घरी परत जाणं म्हणजे काय, ते तू मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलंस. पाहुणे आले की तुला वैरणीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालत. तू ओरडू नयेस म्हणून. तू ते तक्रारीच्या सुरात नाही सांगितलंस. "तितं कडब्याचा वास यायचा," एवढंच म्हणालीस. आणि मग, "मला पट्ट्या पायजेत, इंदे."

त्यानंतरच्या आयतवारी आपण हरिपूरच्या रस्त्याला चालत निघालो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं, आणि न ठरवल्यामुळे तुझी बोटं पदराची दशी पिळत होती. गाव मागं पडलं. उसाच्या फडाआडून चाकाची कुई ऐकू आली, आणि तू थांबलीस.

मोट चालू होती. तात्यांची मोट. तेव्हा ते आपल्याला कुणी नव्हते. पांढऱ्या मिश्यांचा एक म्हातारा दोन बैल घेऊन विहिरीवर उभा होता. बैल उतारावरून खाली चालले की कातड्याची मोट भरून वर यायची, भसकन पाणी ओतायची. मग बैल पाठमोरेच मागं मागं चढायचे आणि मोट खाली जायची. पुन्हा खाली, पुन्हा वर. तू बांधावर उभी राहिलीस आणि तुझी बोटं थांबली. थोड्या वेळानं मला तो हुंकार ऐकू आला. आयतवारी! मी तुझ्याकडे बघायचं धाडस केलं नाही, न जाणो थांबेल म्हणून.

तात्यांनी हाक दिली, "आवं बाई, काय हरवलंय का हितं?"

तू म्हणालीस, "न्हाई. गावलंय."

बैल सुटेपर्यंत आपण तिथं होतो. माझे पाय दुखून गेले.

तिथून तुझा आयतवार तू स्वतः बांधलास, रतन. त्यात माझं काही नाही. सकाळी लुगडी धुवायची. मग हरिपूरचा रस्ता, त्याच झाडांखालून, त्याच बाजूनं. मग मोट. दुपारी तात्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, हातची भाकरी. त्या तुझ्यासाठी शेंगांची चटणी लसणाशिवाय कुटायच्या. परत येऊन अंघोळ, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मग खाटेवर भिंतीला पाठ लावून बसणं. मला वाटायचं, हा कसला इसावा, हे तर दुसरं कामच. तुला विचारलं तर म्हणालीस, "काम न्हवं. मी बगती. बगून भरती." थोड्याच दिवसांत तू नुसती बघेनाशी झालीस. आधी बैलांना पाणी दाखवलंस, मग त्यांच्या बरोबरीनं उतार चालायला लागलीस, मग तात्यांनी कासरा तुझ्या हातात दिला. आसूड तू घेतला नाहीस. जिवाला मारायचं नाही, हे तुमच्या घरचं. तू हुंकार द्यायचीस आणि बैल चालायचे. तात्या म्हणायचे, "माझ्या शिव्यांनी जे न्हाई झालं, ते ही बया कुजबुजून करून घेती!"

सगळं सरळ झालं असं मात्र मी म्हणणार नाही. शिमग्याला पोरं रस्त्यात बोंब मारत फिरली, त्यातून एक आयतवार असा वाया गेला की तू पुन्हा भिंतीशी गेलीस. मेट्रनबाईंचा धीर सुटला. त्यांनी तुझ्या दादाला निरोप धाडला.

तो आला चैत्रात, नेमका आयतवारीच. मी काही कामानं खोलीवर थांबले होते, तू पुढं गेली होतीस. दादा दारात उभा, घाम पुसत. "इंदूताई, रतनला न्यायला आलुया." मी म्हटलं, "आधी बघायला चला."

मळ्यात पोचलो तर बांधावर माणसं जमलेली. तात्या लिंबाखाली, सुजलेला पाय पुढं टाकून बसलेले. सकाळीच पाय घसरून घोटा मुरगळला होता. लेक त्यांचा पलटणीत, दूरदेशी. विहीर चुलतभावाबरोबर सामायिक, आणि पाण्याची पाळी त्यांची त्याच दिवसाची. तो दिवस चुकला की पाळी दुसऱ्याची, आणि उसाची कोवळी लावण तोवर उन्हात करपून जाणार. तात्यांचा चुलतभाऊ तिथंच उभा होता, उद्या आपली पाळी म्हणून खुशीत.

आणि मोट चालू होती. कासोटा घट्ट मारून, पदर कमरेला खोचून, एकटी तू. बैलांबरोबर खाली, बैलांबरोबर वर. भसकन पाणी. पुन्हा खाली.

चुलतभाऊ म्हणाला, "बाईमाणसानं मोट हाकायची म्हंजी आता कलयुगच आलं."

तात्या लिंबाखालून गरजले, "बैलं तिचं ऐकत्यात, तुझं काय जातंय रं?"

दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तो पुढं झाला. "रतन! हो बाजूला! लोकं काय म्हंतील?"

तू थांबली नाहीस. मोट ओतली गेली, तेव्हाच बोललीस, आणि तेही बैलांकडे बघत. "दादा, पानी पाटात चाललंय. तितं बोलत हुबा राहू नगंस."

"आगं, पर चामड्याला शिवलीस का न्हाई तू?"

"नाड्याला शिवती," तू मोटेच्या दोरावर हात ठेवत म्हणालीस. "मोटंला न्हाई."

तात्या इतके हसले की दुखरा पाय धरून कळवळले. बांधावरची माणसं हसली. दादा मात्र हसला नाही, कारण त्याचं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. पाट फुटला होता. शेतात पाणी वळवायला कुणी नव्हतं, आणि तू इतक्या कष्टानं वर काढलेलं पाणी बांधाबाहेर पळत होतं. हाडाचा शेतकरी तो. पाणी वाया जाताना त्याला बघवेना. त्यानं टोपी काढून माझ्या हातात दिली, धोतर वर खोचलं, कुणाचं तरी खोरं उचललं आणि तो सरीत उतरला.

रतन, त्या दिवशी मी काय पाहिलं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तुला मोट सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. वर तू पाणी काढत होतीस आणि खाली तुझा भाऊ ते एकेका सरीत सोडत होता. तुम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हतात, मधे ऊस होता. पण चाकाची कुई जरा लांबली की तो मान वर करून ऐकायचा, आणि पुन्हा सुरू झाली की खोरं मारायचा. शेवटची सरी भिजली तेव्हा दिवस अजून हातभर वर होता. तू बैल सोडलेस, त्यांच्या पाठी ओल्या हातानं पुसल्यास, आणि म्हणालीस, "जेवायचं. दिस बुडंल." जसं काही झालंच नाही.

काकूंनी भाकरी आणल्या. बहीणभाऊ बांधावर शेजारी शेजारी बसून जेवलात. तुमची तोंडं सारखी आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दादा खाता खाता थांबला आणि मला म्हणाला, "पावणं आलं की आमी हिला वैरणीच्या खोलीत..." तू म्हणालीस, "कडब्याचा वास ब्येस हुता, दादा." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तो टोमणा झाला असता. तू खरंच तसं म्हणत होतीस. दादानं खांद्यावरच्या पंच्यात तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेट्रनबाईंसमोर उभा राहिला. त्या म्हणाल्या, "मग आज नेताय ना?"

"न्हाई जी," दादा म्हणाला. "तिला आयतवारी काम असतंय."

मी दाराआड होते. मला नाचावंसं वाटलं. पांढऱ्या कपड्यांत नाचता येत नाही, म्हणून रोग्यांची ताटं मोठ्यानं आपटली, आणि मग तुझी आठवण होऊन हळूच ठेवली.

त्यानंतर तुला कुणी परत पाठवायची भाषा केली नाही. पावसाळ्यात मोट बंद असली की तू काकूंच्या गोठ्यात बसून दोर वळायचीस. ती सोय तुझी तूच शोधलीस. अवचित आलेली सुट्टी मात्र तुला शेवटपर्यंत झेपली नाही. देश स्वतंत्र झाला तो शुक्रवारी. सगळीकडे तोरणं, मिठाई, आणि तू दारात उभी, हैराण. "सुक्रवारी सुट्टी? मग आयतवारी काय करायचं?" मी म्हटलं, "अगं, इंग्रज गेला!" तू म्हणालीस, "आयतवारी जायाचा की." आणि भर पावसात दोर वळायला निघून गेलीस. संध्याकाळी भिजून आलीस ती समाधानानं. "झाला एकदाचा सुक्रवार," म्हणालीस.

आता तुला नेलं त्या तापाचं. मी त्यावर जास्त लिहिणार नाही. मला भीती होती की वॉर्डात नुसतं पडून राहायचं म्हणजे तुला रोजच आयतवार, तापापेक्षा तोच तुला खाईल. तसं झालं नाही. ताप बघायची वेळ, दुधाची वेळ, डॉक्टरांची फेरी, चादर बदलणं, हे सगळं तू लगेच मनात मांडून घेतलंस, आणि मला म्हणालीस, "हितं बरं हाय. हितं रोज सोमवारच." दोन दिवसांनी तुझी शुद्ध गेली. त्या बोलण्यानं मला केवढा आधार दिलाय, रतन. तू घाबरली नव्हतीस.

माझं तुझ्याकडे एक देणं राहिलंय, तेही सांगते. नवरा गेल्यावर माझेही आयतवार रिकामेच होते. मी ते सिनेमानं, गप्पांनी, झोपेनं झाकत होते. तुला झाकता येत नव्हतं, म्हणून तू ते बांधायला घेतलेस, आणि तुझ्यामागून चालता चालता माझेही बांधले गेले. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू विचारलं असतंस, "म्हंजी काय?" आणि मला सांगता आलं नसतं.

पण शेवटी मला लिहायचंय ते गेल्या माघातलं. मी चार दिवस माहेरी निघाले होते. तू आपणहून म्हणालीस, "मी बी येती." मी चपापले. मग तू मला सगळा प्रवास पुन्हा पुन्हा सांगायला लावलास: सांगलीची गाडी, कराडचं स्टेशन, सर्व्हिस मोटार, उंब्रजचा फाटा. मोटार वाटेत बंद पडली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. तू कान दाबून वडाभोवती फेऱ्या घातल्यास, खूप फेऱ्या, आणि मग येऊन म्हणालीस, "हं. आता चल." आपण उरलेली वाट चालत गेलो.

आई माझी तोंडाळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरगी बोलत का न्हाई गं?" मी म्हटलं, "तुझं संपलं की बोलंल." तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आपण तारळीच्या काठाला गेलो. तू ओल्या वाळूत बसलीस, पाय लांब केलेस आणि हातांनी त्यांवर वाळू ओढायला लागलीस. गुडघ्यांपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. मग चक्क पाठ टेकलीस. तू, दिवसाढवळ्या, आडवी!

मी म्हटलं, "बघ, पडलीस का न्हाई शेवटी?"

"पडले न्हाई," तू डोळे मिटून म्हणालीस. "वाळू मला धरून ठेवती."

पाणी वाहत होतं. पलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं. तुझा हुंकार मी कान देऊन ऐकत होते, पण तो आला नाही. तू नुसती पडून होतीस, आणि तुझा चेहरा इतका सैल मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. आईनं शिदोरीच्या भाकरी करायला घेतल्या होत्या, माझं गाठोडंही बांधून झालं होतं. एक दिवस उशीर म्हणजे मेट्रनबाईंची बोलणी ठरलेली.

"इंदे," तू म्हणालीस, "उद्या जायाचंच हाय का?"

"व्हय. का गं?"

"न्हाई, म्हनलं आनि एक दिस सुट्टी घिऊया."

"घिऊया," मी म्हणाले, आणि गाठोडं सोडायला घराकडं पळत सुटले.